एक कमी

मे महिन्यातली सकाळ होती. नागपूरला पेपर तपासणीच्या हॉलमध्ये कूलर घरघरत होता आणि माझ्यापुढे बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या गणिताचा गठ्ठा होता. आमच्या कॉलेजचा शिपाई बंडूभाऊ सहसा मला फोन करत नाही. केलाच तर एखादी किल्ली कुठे ठेवली, असलं काहीतरी विचारतो. म्हणून हातातलं लाल पेन खाली न ठेवताच मी फोन उचलला. "सर, मोरेश्वर सरले वाघानं नेलं," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठले मोरेश्वर सर?" तेवढंच सुचलं... आमच्याकडे मोरेश्वर सर एकच होते. "आपलेच जी, गणिताचे. सकाळी तेंदूपत्ता तोडाले गेले होते जंगलात. सापडले, पन..." मी फोन ठेवला. आणि आता जे लिहितो आहे ते मी घरीही सांगितलेलं नाही. मी समोरची उत्तरपत्रिका पूर्ण तपासली. शेवटच्या उदाहरणात कुणीतरी उत्तर चुकवलं होतं, पण रीत बरोबर होती. मी रीतीचे चार गुण दिले, बेरीज केली, पहिल्या पानावर लिहिली, सही केली आणि मग उठलो. त्या एका उत्तरपत्रिकेचे पैसे बुडू नयेत, असं मनात कुठेतरी होतं. आयुष्यभर तास मोजून पैसे मिळालेल्या माणसाच्या मरणाची बातमी आली होती, आणि मी माझा पेपर मोजून घेत होतो.

मोरेश्वर माझा विद्यार्थी. पुढे सतरा वर्षं माझ्याच विभागात, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा सहकारी. कुरखेड्याच्या पलीकडे जंगलाला लागून असलेल्या चिचटोल्याचा. मी चंद्रपूरचा, नोकरीसाठी या भागात आलेला. मला लागून तीन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. त्या जूनमध्ये संस्थेनं सांगितलं, गणिताच्या गटाला पंधरा विद्यार्थी झाले तर गट चालेल, नाहीतर बंद. गट बंद म्हणजे मी अतिरिक्त. अतिरिक्त म्हणजे पगार नाही, आणि दुसरीकडे कधी घेतील याचा पत्ता नाही. माझं नुकतंच लग्न झालं होतं. गावोगाव फिरून मी चौदा मुलं गोळा केली आणि पंधरावा मिळेना. बारावीच्या निकालाच्या यादीत मोरेश्वरचं नाव सापडलं. गणितात शंभरापैकी शहाण्णव. चौकशी केली तेव्हा कळलं की तो चंद्रपूरला आयटीआयला चालला आहे, इलेक्ट्रिशियनला. नंबरही लागला होता. दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकल काढली.

त्याचे वडील तुळशीरामभाऊ परसात बांबूचे ताटवे विणत बसले होते. दुसऱ्याची शेती करायचे, पावसाळा संपला की हे विणकाम. मला खाटेवर बसवलं, गुळाचा चहा दिला. मोरेश्वर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मी त्याच्या बुद्धीबद्दल बरंच काही बोललो. ते सगळं खरंच होतं, म्हणून तर आज जास्त लागतं. तुळशीरामभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पन सर, पुरते का जी त्याच्यात? आयटीआयवाल्याले तं वीज केंद्रात कामं भेटून राह्यले म्हनते." मी म्हणालो, हिशोबच मांडून दाखवतो. फाइलमधून हाताला लागला तो कागद काढला आणि कोऱ्या बाजूला लिहायला लागलो. पहिली ओळ लिहिली, 'समजा मोरेश्वर एम.एस्सी. झाला.' गणिताचा मास्तर दुसरं काय लिहिणार... त्यांना म्हणालो, आपण वाईटात वाईट धरू. कायम नोकरी लागलीच नाही असं धरू. तासिका तत्त्वावर शिकवलं, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, असं धरू. मग आठवड्याचे तास गुणिले दर, गुणिले चार, गुणिले बारा. खाली दुहेरी रेघ आणि रक्कम. बाजूला आयटीआयवाल्याचा पहिल्या वर्षाचा पगार. माझी रक्कम जवळपास दीडपट होती.

दारातून मोरेश्वरनं विचारलं, "सर, कालेज बारा महिने चालू राह्यते?"

माझा हात थांबला. तासिकावाल्याला परीक्षांत पैसे नाहीत, निकालात नाहीत, दिवाळीत नाहीत, उन्हाळ्यात नाहीत. जून-जुलै प्रवेशात जातात. वर्षाचे कसेबसे सात महिने हातात उरतात. हे मला नुसतं ऐकून माहीत नव्हतं. कायम होण्याआधी मी स्वतः दोन वर्षं तसाच शिकवत होतो आणि दोन्ही उन्हाळे मामांच्या दुकानात काढले होते. मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "चालू म्हणजे काय रे, ऑफिस तर बाराही महिने उघडं असतं." हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच मी ते निवडलं. तुळशीरामभाऊंना वाचता येत नव्हतं, पण कागद त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. "सरनं लिहून देलं हाये, आता काय पाह्यतं," ते मुलाला म्हणाले. आमच्या झाडीपट्टीत तोंडी शब्दावर दहा शंका काढतील, पण मास्तरनं कागदावर लिहून दिलं की विषय संपतो. आयटीआयची ती जागा गावातल्याच देवा नावाच्या पोराला मिळाली. देवाचं आज चंद्रपुरात स्वतःचं घर आहे.

शिकवताना मला त्याचा हेवा वाटायचा, हेही लिहून टाकतो. मी पुस्तकातलं उदाहरण फळ्यावर उतरवून द्यायचो, तो ते मुलांच्या हातात द्यायचा. एम.एस्सी. आणि बी.एड. नागपूरला करून तो परत आला आणि माझ्याच विभागात तासिकांवर लागला. त्या शिक्षणासाठी बँकेचं दोन लाखांचं कर्ज काढलं होतं, जामीनदार म्हणून माझी सही होती. पहिल्याच महिन्यात मी वर्गाबाहेरून जाताना त्याचं ऐकलं. अकरावीच्या कच्च्या पोरांना भागाकारातली बाकी शिकवत होता. "उन्हाळ्यात पत्ता तोडाले जाता ना? सत्तर पानाचा एक पुडा. मायनं पाचशे पानं आनली. सात पुडे झाले, हातात किती पानं उरले? धा. थेच बाकी. आता सांग, कंत्राटदार त्या धाचे पैसे देते का?" वर्गातून एकसुरात "नाऽई" आलं. "मंग ध्यानात ठेवा. दुनिया पुडे मोजते, बाकी कोनी मोजत नाई." पोरं खदखदून हसली. मी बाहेर उभा होतो. मला बाराव्या महिन्यापर्यंत मोजलेला तो कागद आठवला आणि मी पाय उचलले.

त्याच्या तासांच्या नोंदवहीवर विभागप्रमुख म्हणून माझी सही लागायची. महिन्याच्या शेवटी तो वही घेऊन यायचा, मी बोट ठेवून मोजायचो. गॅदरिंगचे दिवस वजा, कुणी मोठं माणूस वारलं म्हणून सुट्टी मिळाली तर तो दिवस वजा. स्वातंत्र्यदिनाला झेंडा लावायला दरवर्षी पहिला हजर तोच असे. हसून म्हणायचा, "देशाले स्वातंत्र्य भेटलं सर, पन माहा तास गेला." एका पावसाळ्यात नदीला पूर होता, नाल्यावरून सायकल खांद्यावर घेऊन तो वीस मिनिटं उशिरा पोचला. मी तो तास धरला नाही. नियम होता. त्याच दिवशी मी स्वतः अर्धा तास उशिरा आलो होतो. माझा पगार महिन्याचा होता... त्याच्या पूर्ण वर्षाची कमाई आणि माझा एका महिन्याचा पगार पुढे पुढे जवळपास सारखे झाले. मी हे एकदा सहज काढून पाहिलं होतं, आणि कागद फाडून टाकला.

कायम जागा एकदाच निघाली. मुलाखतीच्या समितीत विषयाचा माणूस म्हणून मी बसलो. तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की त्या जागेचा एक आकडा ठरलेला आहे आणि तो कुणी भरला आहे. मोरेश्वर आत आला, नमस्कार करून बसला. मी त्याला एकच प्रश्न विचारला, तोही मुद्दाम अवघड. त्यानं तो फळ्यावर दोन रीतींनी सोडवला आणि खडूची धूळ झटकत माझ्याकडे बघून जरासा हसला. त्याला वाटलं, मी त्याला संधी दिली. मी दुसऱ्या उमेदवाराच्या नावापुढे 'अधिक योग्य' असं लिहून सही केली. बाहेर भेटला तेव्हा म्हणाला, "प्रश्न झकास होता सर." पुढे त्या नव्या कायम माणसाला अवघड वाटणारे तासही मोरेश्वरच घ्यायचा. वाईट वाटून मी त्याला कधीतरी म्हणालो, की दुसरीकडे बघ काहीतरी. तो म्हणाला, "आता या वयात कुठी जाऊ? येते काय मले दुसरं? तुमी शिकवलं तेवढंच येते." त्यात टोमणा होता का, हे मी तेव्हा तपासलं नाही.

कर्जाचा हप्ता एकवीसशे रुपयांचा. सात महिने भरला जायचा, पाच महिने थकायचा आणि थकलेल्यावर व्याज चढायचं. सतरा वर्षांनंतर मूळ रकमेपेक्षा बाकी जास्त होती. या एप्रिलमध्ये बँकेची नोटीस आली ती थेट कॉलेजच्या पत्त्यावर, माझ्या नावानं. कर्जदार भरत नाही, सबब जामीनदाराच्या पगारातून कपात का करू नये. बंडूभाऊनं पाकीट स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर दिलं आणि मी ते सगळ्यांसमोर फोडलं. मोरेश्वर खिडकीपाशी डबा खात होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो... शब्द जसेच्या तसे आठवतात, त्यांनी माझी पाठ सोडलेली नाही. "मोरेश्वर, लोकांच्या पोरांना व्याज शिकवतोस, स्वतःचं कळत नाही का? भरायची ऐपत नव्हती तर एम.एस्सी. कशाला केली?" त्यानं घास गिळला, डब्याचं झाकण लावलं. म्हणाला, "भरतो सर. मे महिन्यात भरतो." तो नवा कायम झालेला माणूस हसत म्हणाला, "मेमध्ये तर तुमचे तासच नसतात की!" दोघं-चौघं हसले. मीही हसलो. हसणं मोठं नव्हतं, पण मोरेश्वरनं ते पाहिलं.

यापूर्वी उन्हाळ्यात तो गावातल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायचा. या मेमध्ये तो तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, फळीवर मुन्शी म्हणून गेला. फळी म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, जिथं लोक संध्याकाळी पुडे आणून मांडतात आणि कंत्राटदाराचा मुन्शी ते मोजून वहीत लिहितो. तिथली रीत अशी, की शेकड्यामागे चार-पाच पुडे वरचे द्यायचे. ते मोजायचे, पण लिहायचे नाहीत. सगळीकडे चालतं, कुणी बोलत नाही. मोरेश्वरनं पहिल्या दिवशी लोकांना वरचे पुडे परत उचलायला लावले. कंत्राटदाराचा माणूस त्याच्यावर ओरडला तेव्हा म्हणाला, "शेकडा म्हंजे शंभर जी. एकशेचार नाई." हे मला त्याच्या बायकोनं, छायानं सांगितलं. तीन दिवसांत त्याला काढलं. "एवढं शिकलेला मुन्शी आमाले परवडत नाई," असं तो माणूस सगळ्या गावापुढे म्हणाला. शब्द दिलेला हप्ता डोक्यावर होता. चौथ्या दिवसापासून मोरेश्वर पहाटे छायाबरोबर पानं तोडायला जाऊ लागला. तेंदूची झुडपं गुडघ्याएवढी, माणसाला वाकूनच तोडावी लागतात, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं वनखात्याचे लोक दरवर्षी गावात येऊन सांगतात. छाया चाळीस पावलांवर होती. तिनं आवाज ऐकला. पुढचं ती बोलत नाही आणि मी विचारलेलं नाही.

तेरवीला मी गेलो. मांडवात जेवताना माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं पत्रावळीवरून मान न उचलता म्हटलं, "मोऱ्याच्या डिग्रीनं जलमभर नाई देलं, एवढं वाघानं एका दिवसात देलं बापा." सरकारी मदतीबद्दल बोलत होता. कुणी त्याला गप्प केलं नाही. त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, तो नुसती तुलना करत होता. मी पानावरच्या भातात बोट फिरवत मनातल्या मनात ताळा केला. सतरा वर्षं, सात महिने, तासांचे दर वाढत गेले ते धरून. म्हातारा बरोबर होता. मदतीतला पहिला धनादेश मिळाला आणि छायानं सगळ्यात आधी बँकेत जाऊन कर्ज फेडलं. आठवड्यानं मला बँकेचं पत्र आलं, की आपण जामिनातून मुक्त आहात. ते वाचून मला बरं वाटलं. एक क्षणच असेल... पण बरं वाटलं.

मोरेश्वरची मुलगी समीक्षा यंदा दहावी झाली. निकाल तो गेल्यावर लागला. गणितात सत्त्याण्णव, बापापेक्षा एक जास्त. आमच्या संस्थेत दरवर्षीप्रमाणे अकरावी विज्ञानाला मुलं कमी पडत होती, आणि प्रत्येक शिक्षकानं दहा प्रवेश आणायचे असं ठरलं होतं. माझे नऊ झाले होते. प्राचार्य म्हणाले, "मोरेश्वरची मुलगी आहे ना, सर? तुमचा शब्द त्या घरात चालतो." जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी चिचटोल्याला गेलो. सांत्वनाला चाललो आहे असं घरी सांगून निघालो. बॅगेत प्रवेशाचा फॉर्म होता.

परसात तेच ताटवे उभे होते, तुळशीरामभाऊ मात्र आता नाहीत. छायानं चहा दिला. समीक्षा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी निकालाबद्दल बोललो, तिच्या बुद्धीबद्दल बोललो. तेही सगळं खरंच होतं. बॅगेच्या चेनवर माझा हात गेला आणि छाया म्हणाली, "तिचा आयटीआयचा फार्म भरला जी काल. इलेक्ट्रिशियनचा." मी समीक्षाकडे पाहिलं. म्हटलं, "तुला काय वाटतं, बेटा? गणित सोडायचं?"

"सोडाचं काऊन? येते ना मले," ती म्हणाली. "पन पोट त्याच्यावर ठेवाचं नाई. बाबा म्हनत होते."

"आणखी काय म्हणायचे?"

तिनं आईकडे पाहिलं. छाया उठून आत गेली आणि प्लास्टिकचं एक फोल्डर घेऊन आली. मोरेश्वरच्या एम.एस्सी.च्या प्रमाणपत्राच्या मागून तिनं घडी पडलेला, पिवळा झालेला कागद काढला. ओळखायला मला वेळ लागला नाही. "मी सातवीत असताना बाबानं मले हा देला होता," समीक्षा म्हणाली. "याच्यात चूक कुठी हाये थे शोध म्हने. मी बारा दाखवले. बाबा म्हने, बरोबर, सात पाह्यजे. मंग मी म्हटलं, ज्यानं लिहलं त्याले येत नव्हतं का? तं बाबा म्हने, येत होतं."

छायानं कागद माझ्यापुढे धरला. तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर मला सोपं गेलं असतं. "कर्जाचं झालं सर. आता हा तुमचा कागद तेवढा आमच्यापाशी राह्यला होता. थो तुमी घेऊन जा." ज्या घरात तो दोन्ही हातांनी घेतला गेला होता, तिथं मी तो दोन्ही हातांनी परत घेतला. मी सांगायला हवं होतं, की मला बारा आणि सात कळत होतं, की माझी नोकरी टिकावी म्हणून मी तुमच्या माणसाचं आयुष्य मांडलं. पण मी सांगणार ते त्यांना अगोदरच ठाऊक होतं. मी "येतो" म्हणालो. फॉर्म बॅगेतच राहिला. मोटरसायकल सुरू करताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की दहाव्यासाठी आता कुणाकडे जावं.

गाव संपल्यावर नाल्याच्या पुलावर मी थांबलो आणि कागद उलगडला. माझं अक्षर, माझ्या ओळी. 'गुणिले बारा'वर लाल गोल आणि बाजूला सात. खाली नवी रक्कम, आयटीआयच्या रकमेपेक्षा कमी. पहिल्या ओळीतल्या 'समजा'खाली लाल रेघ. उत्तरपत्रिकेत गुण लिहायला आपण डावीकडे वर्तुळ काढतो, तसं वर्तुळही त्यानं काढलं होतं, पण ते रिकामं होतं. प्रत्येक पोराला रीतीचे गुण देणारा माणूस... मला काही द्यायचं का, हे त्यानं ठरवलं नव्हतं, किंवा ठरवलं होतं आणि ते हेच होतं.

मग मी तो उलटा केला. त्या दिवशी घाईत फाइलमधून काढलेल्या कागदाची मागची बाजू मी तेव्हा पाहिलीच नव्हती. त्या बाजूला माझ्याच अक्षरात त्या वर्षीच्या गणिताच्या गटाची यादी होती. एक ते चौदा नावं. त्याखाली मी पेन दाबून लिहिलेलं 'एक कमी', आणि त्याभोवती काढलेला गोल. म्हणजे माझा मतलब मी हिशोबासोबतच त्या घरात ठेवून आलो होतो, आणि तो कागद तिथं चोवीस वर्षं होता. त्यानं तो पहिल्या दिवशी उलटला की दहाव्या वर्षी, मला कधी कळणार नाही. तासांच्या वहीवर माझी सही घेताना, मुलाखतीत माझ्याकडे बघून हसताना, डब्याचं झाकण लावताना त्याला ते माहीत होतं की नाही, हेही कळणार नाही.

तो कागद आता माझ्या हजेरीच्या वहीत आहे. पुढच्या आठवड्यात वर्ग सुरू होतील, तेव्हा वही उघडली की तो आधी समोर येईल. यादीत चौदाव्या नावाखाली, माझ्या 'एक कमी'च्या शेजारी, पंधरा हा आकडा घालून मोरेश्वरनं स्वतःचं नाव लिहिलं आहे. नावापुढे, तो वर्गात मुलांच्या नावांपुढे लिहायचा तसं, बारीक अक्षरात, 'हजर'.